दोन जहाजांत एक पंप

३ मार्च
शेवटी पाणी उपसायचा पंपही गेला! थोरलीच्या इंजिनखोलीत आता जागेवर नुसते बोल्ट उरलेत.

दोन जुळी जहाजं. कागदोपत्री नावं भारदस्त, पण गोदीत सगळे थोरली आणि धाकटीच म्हणतात. दोघींच्या दुरुस्तीला पुरतील इतके पैसे नौदलाकडे नाहीत. म्हणून थोरलीचं काढायचं आणि धाकटीला लावायचं — दोन वर्षं हेच चाललंय. थोरलीचा कॅप्टन मी. धाकटीचे कॅप्टन दादा, माझ्या बायकोचा मोठा भाऊ. म्हणजे सगळं घरातल्या घरात!

दादा स्वतः पंप न्यायला आले. "जावईबापू, तोंड पाडू नका. चांगल्या घरी देताय." खलाशी हसले. मीही हसलो.

४ मार्च
माझा इंजिनिअर दादांना सांगून आला — पंप धापा टाकतो, जास्त पाणी आलं तर भरवसा धरू नका. दादा म्हणाले, "दुसरा आहे कुठे?"

नाहीच.

९ मार्च
धाकटी गस्तीला निघाली. धक्क्यावरून हात केला. दोन वर्षांत माझ्या पायाखालचं जहाज जागचं हललेलं नाही. दादांचा हेवा वाटतो — दुसरा शब्द नाही.

१२ मार्च
धाकटीत पाणी शिरलंय! समुद्राचं पाणी आत घेणारा पाइप फुटला. सडलाच होता, नवा घ्यायला मंजुरी मिळाली नव्हती. मुख्यालयातून एवढंच कळलं. हिने दोनदा फोन उचलून कानाला लावला — तो वाजलाच नव्हता.

१३ मार्च
ओढून आणली. एका अंगाला कललेली. पंप थोडा वेळ चालला आणि बसला. मग बादल्या! छातीभर पाण्यात उभं राहून माणसांनी पाणी उपसलं. एका खलाशाचा हात यंत्रात चेंगरला. डॉक्टर म्हणतात, काढावा लागेल.

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१६ मार्च
मुख्यालयात बैठक. मोठे साहेब म्हणाले, "जहाज परत आलं ना? मग निभतंय की!" पैसे नव्या जहाजासाठी राखून ठेवलेत, त्यातला छदामही हलणार नाही. गस्तही थांबवता येत नाही. पाइपला पत्रा ठोका, पंप साफ करून बसवा आणि निघा!

दादा उभे राहिले. "पाइप नवा हवा, पंप नवा हवा. तोवर मी माणसं घेऊन समुद्रात जाणार नाही."

"हा नकार समजायचा?"

"हो."

साहेब माझ्याकडे वळले. "पंप तुमच्या जहाजाचा. तुमचं काय मत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणालो, "तपासून सांगतो." — तपासायचं काय उरलं होतं!

१७ मार्च
दादा घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुम्ही तरी बोलायचं होतंत. एकट्याला हट्टी म्हणता येतं. दोघं उभे राहिलो असतो, तर त्यांना ऐकावं लागलं असतं."

मी म्हणालो, नोकरीचा प्रश्न आहे. दादा म्हणाले, "मला नाही का नोकरी?" ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. मी भरलेला पेला उचलून आत नेला. बराच वेळ आतच थांबलो.

१८ मार्च
इंजिनिअरला विचारलं, पंप किती टिकेल? "पाणी आलं नाही, तर कायमचा!" एरवी हसलो असतो.

१९ मार्च
दादांना धाकटीवरून उतरवलं.

दुपारी साहेबांचा फोन — "तुम्ही न्याल का?" ही समोरच बसली होती. मी हो म्हणालो.