धाकट्याच्या छातीतलं पाणी

३ मार्च

माझ्या धाकट्या भावाला कॅन्सर! लिहिलं खरं, पण हात माझा वाटत नाही. दम लागतो म्हणून दवाखान्यात नेलं होतं, छातीतून सुईनं बाटलीभर पाणी काढलं. आज डॉक्टरांनी मला नि भावजयीला बाजूला घेतलं — "पाण्यातल्या पेशी चांगल्या दिसत नाहीत. कॅन्सरचा संशय आहे. अजून एक तपासणी बाकी आहे." पुढचं कानात शिरलंच नाही.

भावजय म्हणाली, "ताई, ह्यांना कळता कामा नये." ठरलं. सर्दी छातीत उतरलीय म्हणायचं.

५ मार्च

सगळे त्याच्याशी साखरेत घोळून बोलतात. खारे दाणे मागितले — वाटीभर दिले. वर मीठ मागितलं, तेही दिलं. खाऊ दे बापड्याला! जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.

मोरीत जाऊन रडले.

९ मार्च

नाहीये! कॅन्सर नाहीये!

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं. कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर ठरावीक खुणा असतात. त्या शोधायला औषध घालून पाहिलं — एकीवरही खूण नाही. उलट छातीच्या आतल्या अस्तराची खूण निघाली. "घरच्याच पेशी आहेत, आजी. पाणी साचलं की अस्तर चिडतं, पेशींचं रूप बिघडतं."

म्हटलं, "म्हणजे तोंड फुगवून बसला म्हणून घरच्यालाच चोर ठरवला!" बाई खळखळून हसल्या.

दुखणं हृदयाचं. जोर कमी पडतो म्हणून पाणी साचतं. गोळ्या घ्यायच्या, मीठ बंद.

मीठ! आणि मी वाटीनं चारलं!

१० मार्च

कॅन्सरच्या संशयासकट सगळं खरं सांगितलं, पण धाकटा विश्वासच ठेवत नाही!

"आधी सर्दी, आता हृदय. ताई, बायको गोड बोलतेय माझ्याशी — लग्नानंतर पहिल्यांदा! मला काय कळत नाही? जाणाऱ्याला कडू गोळ्या कशाला?"

रिपोर्ट दाखवला. "कागदावर काय, हवं ते छापता येतं."

पाय सुजलेत. झोपलं की धाप लागते. आमच्याच खोटेपणानं मारणार आम्ही त्याला!

१२ मार्च

जेवताना त्यानं मिठाकडे हात नेला नि माझं डोकं फिरलं. फाडकन हातावर मारली! "गाढवा! एवढा घोडा झालास, अक्कल कुठं गहाण टाकलीस?" भावजयीचा घास हातातच राहिला.

त्यानं हात मागे घेतला, चोळला. मग हळूच म्हणाला, "मरणाऱ्यावर कुणी हात टाकत नाही. ताई... खरंच नाहीये मला कॅन्सर? — आण ती गोळी."