खणातली हवा

प्रिय राही,

व्हय गो, वाचते मी तुझं पुस्तक. शेजारच्या शकूने चुगली केलीच म्हणायची. तिला पनवेलला सुकी मासळी पोचवायला पाठवली, तर ही माझा अभ्यास विकून आली. ते 'सामान्य विज्ञान' तू मागच्या खेपेला रागाने घरी टाकून गेलीस ना, ते मी आधी सुकटीवरच्या कापडावर वजन म्हणून ठेवलं होतं. दुपारी कावळे हाकलत बसले होते, वाऱ्याने एक पान उघडलं, ते वाचलं. मग दुसरं. शाळा सातवीत सुटली तरी अक्षर काय विसरत न्हाय. आता मला म्हाईत हाय, आपलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. जन्मभर बांगड्याला चोळलं, पण नाव कोणी सांगितलं नव्हतं. शकूला म्हटलं, तुझ्या कालवणात सोडियम क्लोराईड फार झालंय, तर ती टोप ओतायलाच निघाली. आणि तुझी आजी. पानाला चुना लावते, तो आम्लारी. तोंडातून बाहेर येतं ते मात्र निव्वळ आम्ल. दोन्ही मिळाले की मीठ आणि पाणी होतं म्हणे. आपल्या घरात अजून झालेलं न्हाय.

शकू म्हणाली, तू शनिवारी कायमची घरी येतेस. दोनदा विज्ञानातच नापास झालीस, आता सरकारी भरतीच्या परीक्षेला बसायचंच न्हाय म्हणालीस. सडक्या अंड्याचा वास कुठल्या वायूला येतो हे पाठ करून कोणाचं भलं होतं, असं तिला विचारलंस. तुमच्या अकादमीत मोबाईल कपाटात कोंडतात, म्हणून हे लिहून तिच्याच हाती देते. त्याचं उत्तर मी देते.

तुझा बाबा होडीवर वारला, एवढंच तुला सांगितलं होतं. तू चौथीत होतीस. इंजिन बिघडलं म्हणून होडी आगरदांड्याच्या धक्क्याला पडून होती. होडीच्या पोटातल्या खणात कुटीची मासळी तशीच राहिलेली, कोण खात न्हाय, खताला जाते ती. वर ऊन, बर्फाचं पाणी झालेलं, आणि घाण सुटते म्हणून झाकण घट्ट लावलेलं. शेवटी उपसायला म्हणून रितेश आधी उतरला. नवं लग्न झालेला पोरगा. खाली गेला आणि बसला, मग आडवा झाला. वरच्यांना वाटलं, पाय घसरला. हाक मारली, ओ आली न्हाय, तसा तुझा बाबा उतरला. आपल्यात खालच्याची ओ आली न्हाय की दुसरा उतरतोच, दोर शोधत बसत न्हाय. तोही वर आला न्हाय. दोघांना आकडे लावून वर ओढलं, मासळीसारखं.

अंगावर जखम न्हाय, पोटात पाणी न्हाय. दवाखान्याच्या कागदावर गुदमरून असं आलं, पण कशाने गुदमरले ते गावाला कोणी फोड करून सांगितलं न्हाय. मग गावाने आपलं आपण शोधलं. त्या सकाळी मी डबा द्यायला फळीवरून होडीवर चढले होते, आणि माझे पाळीचे दिवस होते. आजीला ते म्हाईत होतं. तेराव्याच्या आत सगळ्यांना झालं. सुनेचा विटाळ होडीला लागला, होडीने माणसं घेतली. तुझ्या पुस्तकात असता तर हा प्रश्न कसा आला असता सांगू? सदा आणि रितेश कशाने मेले: अ, दारूने, ब, होडीच्या बाधेने, क, सदाच्या बायकोने, ड, यापैकी नाही. सगळ्या गावाने क लिहिला आणि पैकीच्या पैकी मिळवले.

तेव्हापासून धक्क्यावर रीतच पडली. खण बरेच दिवस बंद राहिला की बाधा जावी म्हणून झाकण जरासं उघडून आधी आत लिंबू टाकतात, मग माणूस.

आणि तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. कुजताना तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. फार झाला की नाकाला वास कळेनासा होतो. मी पडवीत मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. होडीला कोण शिवलं होतं, याबद्दल त्यात एक शब्द न्हाय.

परवा स्वप्निल तांडेलाच्या होडीचा खण उघडायचा होता. मी गेले. म्हटलं, बाबा रे, लिंबात सायट्रिक आम्ल असतं, त्याने हा वायू हटत न्हाय. झाकण सताड उघड, खाली वारा घाल, दोर बांधल्याशिवाय कोणाला उतरवू नको. तो म्हणाला, काकी, तू होडीपासून लांब राहा, तेवढं पुरे. त्याचा भाऊ चिराग लिंबू टाकून उतरला. सुखरूप वर आला. त्यामुळे लिंबाचा मान वाढला आणि माझा होता तेवढाही गेला. माझ्या तोंडून ते ऐकायचे न्हाईत, राही. परीक्षा पास झालेल्या, सरकारी शिक्का हातात असलेल्या बाईचं कदाचित ऐकतील. मोठा पाऊस सरला की सगळे खण उघडतील. म्हणून शनिवारी येऊ नको. ये, पण पास होऊन ये.

आता जे कोणाला सांगितलं न्हाय ते सांगते. लोक बोलायचे तेव्हा मी हसायची, ते तू बघितलंस. नारळी पौर्णिमेला मला लांब उभं करायचे, तर मी तिथून ओरडायची, शिवू द्या मला, तुमची होडी डिझेलशिवाय पळेल. तुला वाटलं असेल, आईला काही लागत न्हाय. गो बाय, ते पान वाचेपर्यंत मीही क च लिहीत होते. तुझ्या बाबाला मीच मारलं असं मला रोज वाटायचं.

तुझीच,
आई