इथे तू

चेहऱ्यांचे उस्ताद आणि पत्राला उत्तर न देण्यात पटाईत असे आमचे परममित्र यांस, अक्षरवाल्याचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही दोघं नवराबायको मजेत आहोत. तब्येत कशी आहे हे तुला विचारण्यात अर्थ नाही (तू 'ठणठणीत' म्हणणार), म्हणून ते तुझ्या सूनबाईंना फोन करून विचारतो आणि इथे आपलं रीत म्हणून लिहितो. तू लेकाकडे राहायला गेल्यापासून तुझ्यावाचून इथे काहीही अडलेलं नाही. दुकान उघडतं, बंद होतं, पाट्या रंगतात. कुणी पाटीवर माणूस मागितला तर सांगतो, माणसं आम्ही बंद केली, नुसती अक्षरं घ्या.

पत्राचं कारण असं की मी कलावंत झालोय. हसू नकोस. नगरपालिकेने ग्रंथालयाच्या तळमजल्यावर कलादालन काढलंय आणि शहरातल्या हौशी लोकांची चित्रं तिथे महिनाभर लावायची टूम निघाली. ग्रंथपालबाई आमच्या हिच्या ओळखीच्या, त्यामुळे हिने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. (दुकानात बसून रिकाम्या डब्यांशी बोलतो, त्यापेक्षा बरं, असं तिचं म्हणणं.) मग मी आपल्या दुकानासमोरचा बाक काढला. मागे शटर, वर पाटी, बाजूला टर्पेंटाइनचा गंजलेला डबा. पाटीवरची अक्षरं अशी उतरलीत की माझी मीच दोनदा वाचली. बाकाच्या एका टोकाला स्वतःला काढलं. ते पिठाचं पोतं वाटतं, पण पोत्याला चष्मा आहे, त्यावरून ओळखू येतं. दुसरं टोक तुझं, ते आपल्या रिवाजाप्रमाणे पांढरं सोडलं.

जन्मभर हेच केलं ना आपण. मी मागचं सगळं रंगवायचं, माणसाच्या आकाराची जागा कोरी ठेवायची, तिच्यात खडूने 'इथे बाई', 'इथे डॉक्टर' असं लिहायचं, आणि मग तू येऊन ती भरायचास. (त्या वकिलाची पाटी आठवते? तू तापाने पडला होतास आणि पाटी 'इथे वकील' अशीच कितीतरी दिवस लटकली. पुढे तू चेहरा भरलास तर गडी नाराज, म्हणे आधीच जास्त अशिलं येत होती.) तर हाताला सवय, तुझ्या जागेत लिहून गेलो, 'इथे तू'. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. मी बाहेर गेलो असताना ग्रंथपालबाईंचा माणूस आला आणि हिने ते त्याच्या हवाली केलं.

उद्घाटनाला जाऊन बघतो तर चित्र दारासमोरच्या मुख्य भिंतीवर, वर दिवा, आणि खाली छापील पट्टीवर नाव, 'इथे तू'. मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की अहो, काम अर्धवट आहे, माझा जोडीदार यायचाय. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, आम्हाला नेमकं तेच भिडलं. दातांच्या एका डॉक्टरांनी (त्यांची डोंगरांची चित्रं शेजारीच आहेत, सगळे डोंगर दाढांसारखे) त्या कोऱ्या जागेवर भाषण ठोकलं. एक बाई रोज दुपारी येते, समोर उभी राहते आणि डोळे पुसून जाते. एका म्हाताऱ्याने विचारलं, कोण बसायचं इथे? मी म्हटलं, मित्र. त्याने पाठीवर हात ठेवला आणि मला चहा पाजला. आता तू चांगला हयात आहेस हे सांगायला माझं तोंडच उघडेना. चहा बरा होता.

खरं सांगू का, मला तिथे फार वेळ थांबवत नाही. बाकीचे त्या जागेत आपापलं माणूस बघून घेतात. मला तूच दिसतोस, पाय हलवत बसलेला, आणि मग दिसत नाहीस. तुझी फार आठवण येते. घरी आल्यावर ही विचारते, कसं होतं? मी म्हणतो, गर्दी होती.

असो. तू सुखात राहा. प्रवासाची दगदग मुळीच करू नकोस, इथे येऊन बघण्यासारखं काही नाही.

तुझा,
अक्षरवाला

ता. क. प्रदर्शन महिनाअखेरीला उतरणार आहे. आपलं सहज कळवलं.

ता. क. दुसरा. वेगळ्या कागदावर मी तुला काढून पाहिलं. हिने बराच वेळ निरखलं आणि विचारलं, 'नळवाला का?'

ता. क. तिसरा. सूनबाई सांगत होत्या की हात कापतो म्हणून तू ब्रश माळ्यावर टाकलेस आणि इकडे यायचं नावही काढत नाहीस. अरे, इथली माणसं कोऱ्या जागेपुढे रडतात, तुझी कापरी रेघ तर डोक्यावर घेऊन नाचतील. ये आणि भर.

ता. क. शेवटचा. नसेल भरायचं तर नको भरूस, पण ये. संध्याकाळी मी माझ्या टोकाला बसलो की बाक कलतो रे, आणि मधोमध बसायला मला जमत नाही.