चार डिसेंबरचा वाढदिवस

रुडा, सिलेशिया, मंगळवार, २ डिसेंबर २००८

प्रिय ट्रूडका आत्याआजी,

देव तुझं भलं करो. कंबर कशी आहे? आमच्याकडे तळघरात कोळसा भरून झाला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. ओटिलिया आजीच्या हृदयाचं ऑपरेशन नऊ तारखेला ठरलं आहे. डॉक्टरांनी धोका किती ते आकड्यात सांगितलं. तो आकडा मी तिला सांगितलेला नाही. गुरुवारी, संत बार्बराच्या दिवशी, तू नेहमीप्रमाणे जेवायला येशीलच. लाल कोबी तिने आजच चिरून ठेवला.

फोन करता आला असता. पण नको तो विषय निघाला की तू किटली बघायला जातेस आणि रिसीव्हर टेबलावर पडून राहतो. म्हणून पत्र.

तुझ्या भावाचा, एवाल्ड आजोबांचा, शोध मी दीड वर्षं घेते आहे हे तुला ठाऊक आहे. जर्मनांनी त्यांना गल्लीतल्या सगळ्यांसारखंच फौजेत ओढलं. इटलीत ते निसटले आणि तिथल्या पोलिश फौजेत भरती झाले, असं एका परतलेल्या सोबत्याने आजीला सांगितलं होतं. त्यापुढे काही नाही. ते कुठे आणि कधी गेले, एवढंच तिला ऑपरेशनआधी कळायला हवं आहे. बाबांच्या थडग्यावर तिने आजोबांच्या नावासाठी एक ओळ रिकामी ठेवून घेतली आहे, तीही तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "मेलेल्या माणसाचं काय मोजणार तू? तुझी खाण मोज." मी खाणच मोजते. जमीन कुठे किती मिलिमीटर खचली याची नोंद ठेवणं हेच माझं काम. मोजलं नसेल ते मी लिहीत नाही. खाली लिहिलं आहे ते तसंच वाच.

या पोलिश फौजेचे कागद इंग्लंडमधल्या एका कचेरीत आहेत. आजीच्या सहीने अर्ज केला. उत्तर आलं: एवाल्ड कुचेरा नावाचा कोणी नाही. आजी म्हणाली, "नीट बघितलं नसेल, चहाची वेळ झाली असेल त्यांची." मी तिथे फोन लावला. पोलिश बोलणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, "खाणकामगार होते का? सिलेशियाचे? मग नाव सोडा." जर्मन फौजेतून आलेले हे लोक, जर्मन आपल्या घरच्यांना छावणीत टाकतील या भीतीने, नाव बदलायचे, जन्मतारीखही बदलायचे. आणि खाणीतल्या माणसाला खोटी तारीख विचारली की त्याला एकच सुचायची, खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत बार्बराच्या सणाची. "चार डिसेंबरला जन्मलेले आमच्याकडे इतके आहेत," त्या म्हणाल्या, "की वाटावं, तुमच्याकडच्या बायका वर्षातून एकाच दिवशी बाळंत होतात."

मग मी चार डिसेंबर आणि आजीचं माहेरचं आडनाव दिलं. सापडले. यान पित्लिक, खाणकामगार. आपल्या बायकोचं आडनाव लावून ते लढले.

त्यांच्या फाइलचं पाकीट येऊन अकरा दिवस झाले. आजी रोज विचारते, "आलं का काही?" मी रोज "नाही" म्हणते. मी तिच्याशी याआधी कधी खोटं बोलले नव्हते. पहिल्या दिवशी जड गेलं. आता जात नाही. तुझंही असंच झालं असेल का, असा विचार मनात आला.

आजोबा युद्धात वारले नाहीत. फाइलमध्ये १९४६ च्या ऑगस्टमधला त्यांचा अर्ज आहे: पत्नी ओटिलिया आणि मुलगा रोमान यांचा पत्ता लागावा. त्याच्यामागे नोव्हेंबरमधलं उत्तर टाचलं आहे. चार ओळींचं. "ओटिलिया आणि रोमान जानेवारी पंचेचाळीसमध्ये गेले. घरात कोणी उरलं नाही. परत येऊ नकोस. तुझी ट्रूडका."

लाल कोबीची कृती तू आजीला कार्डावर लिहून दिली होतीस. दोन्ही कागद मी शेजारी ठेवून पाहिले. तुझ्या सहीतल्या शेवटच्या अक्षराला खाली आकडी आहे. दोन्हीकडे आहे.

तुझ्या बाजूने जे सापडलं तेही लिहिते. त्या शरद ऋतूत आपल्या गल्लीत पश्चिमेकडच्या फौजेतून दोघे परतले. नव्या कम्युनिस्ट सरकारच्या पोलिसांनी दोघांनाही चौकशीला नेलं. एकजण परत आला नाही. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस.

पण "परत येऊ नकोस" एवढं पुरलं असतं. बाकीचं का लिहिलंस, यावर अकरा दिवस विचार केला. ती जिवंत आहे म्हटल्यावर ते आलेच असते, हे तुला माहीत होतं. असं असेल तर तसं सांग. दुसरं काही असेल तर तेही सांग. पण मला नको, तिला सांग. बासष्ट वर्षं तू तिच्या टेबलावर तिच्यासमोर बसून जेवलीस.

ते वेल्समधल्या एका खाणीत राबले. पुन्हा लग्न केलं नाही. १९८१ मध्ये वारले. तेव्हा बाबा अडतीस वर्षांचे होते, मी एक वर्षाची. तिथल्या चर्चने दगडाचा फोटो पाठवला. त्यावर यान पित्लिकच कोरलं आहे. युद्ध संपलं तरी त्यांनी नाव परत बदललं नाही. आजीने इकडे त्यांच्यासाठी ओळ रिकामी ठेवली, आणि तिकडे ते तिच्या नावाखाली निजले आहेत. हे तिला ऑपरेशनआधी कळलंच पाहिजे.

गुरुवारी खाणीचा बँड पहाटे सहाला आपल्या गल्लीतून निघेल. बाराला पानं वाढली जातील. बटाट्याचे गोळे मी करेन. फाइल माझ्या पिशवीत असेल. तू बोललीस तर ती चार ओळींची चिठ्ठी मी बाहेर काढणार नाही. तिला फक्त त्यांचा अर्ज आणि फोटो दाखवीन. तू किटली बघायला उठलीस तर सगळं काढीन.

ये मात्र. कंबर दुखते म्हणून राहू नकोस.

१९४५ मध्ये न गेलेल्या रोमानची मुलगी,
सबीना