कापूरलाकडाचं जाळीघर

लुशोटो,
४ जून १९९६

चि. सौ. झुहुरा हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. थंडीने आईचा गुडघा धरतो, पण चुलीपाशी बसून सगळ्यांची हजेरी घेण्याइतकी ती ठणठणीत आहे. बटाटा यंदा चांगला आला. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी मुरंब्याची बरणी बाजूला ठेवली आहे; पांगानीकडे येणारं कुणी भेटलं की पाठवीन.

पत्रास कारण बिबी. वनखात्याच्या माहितीघरातली माझी घोयरी, ती रंग बदलणारी सरड्याची जात. ती अंड्यांवर आली आहे. मे महिन्यात टपालघराच्या काट्यावर पंचावन्न ग्रॅम होती, काल त्र्याहत्तर भरली. जुना पिंजरा दोन फूट उंच, तळाला चार बोटं माती. घोयरीला अंडी घालायला वीतभर खोल, ओलसर माती लागते. ती मिळाली नाही तर अंडी पोटात धरून ठेवते आणि मरते. म्हणजे मोठं घर हवं, तेही महिन्याच्या आत.

यावर धाकट्या घरचा बोलला. बाबांच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा जानेवारीपासून माझा साहेब आहे, हे तू विसरली असशील म्हणून लिहितो. सेफूचं म्हणणं, अरुशाला तयार घर मिळतं, अ‍ॅल्युमिनियमची जाळी, चार फूट उंच, किंमत ऐंशी हजार शिलिंग, पुढच्या बसने येईल. कागद समोर धरून त्याने चित्र दाखवलं. मी चष्मा लावून पाहिलं. तळाला मातीला जागाच नाही, नुसता पत्र्याचा ट्रे. मी विचारलं, साहेब, ही अंडी पत्र्यावर घालणार की तुमच्या पदविकेवर? माहितीघराच्या समितीतले दोघं हसले. तो हसला नाही. म्हणाला, दादा, ट्रे बदलता येईल. त्याचं सगळंच बदलता येतं.

मी म्हणालो, घर मी बांधतो. चौदा वर्षं ही जनावरं मी सांभाळली. त्याच्या कितीतरी आधी मिशनच्या वाचनालयातलं फाटकं पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, तेव्हा हा शाळेत पाटीवर रेघा ओढत होता. गावातली माणसं घोयरा दिसला की रस्ता बदलायची, आणि मी तो खांद्यावर घेऊन बाजारातून जायचो. समितीने दोन्ही प्रस्ताव लेखी मागितले आहेत. शुक्रवारच्या नमाजानंतर निकाल.

आणखी एक. तू त्याला तपकिरी स्वेटर विणून पाठवलास म्हणे. रोज घालून येतो. मला मोजायचं नव्हतं, पण समोर बसल्यावर दिसतं: कॉलरला बावीस ओळी आहेत. माझ्या स्वेटरला अठरा.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो वाटून देताना माप सांभाळ.

तुझा,
अथुमानी दादा

*

पांगानी,
१२ जून १९९६

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. त्यात घोयरीचं वजन आहे, पिंजऱ्याची उंची आहे, स्वेटरच्या ओळी आहेत. झुहुरा कशी आहे हे विचारायला कागद अपुरा पडला असावा. तर न विचारता सांगते: तीन आठवडे तापाने झोपून होते. आता बरी आहे. तुझे मेहुणे रोज माशाची कढी करून घालत होते, आणि ती इतकी वाईट होती की बरं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्वेटरचं म्हणशील तर, या दमट गावात घामाने निथळत मी लोकर विणते आणि शेजारणी मला वेडी समजतात. तुला आजवर दोन दिले. सेफूला एकतीस वर्षांत पहिला. त्याची मान लांब आहे, त्याला मी काय करू? ती बाबांच्या वळणावर गेली आहे, तुझी आईच्या. हवं तर आईपाशी तक्रार कर.

आता घराबद्दल. मला घोयऱ्यातलं कळत नाही. लहानपणी तू एक माझ्या वेणीवर बसवलास तेव्हापासून मी त्या जातीला दुरून सलाम करते. पण एवढं विचारते, हे घर बिबीला राहायला बांधतो आहेस की सेफूने बघावं म्हणून? दोन्हींची मापं वेगळी पडतील.

सेफूचंही पत्र आलं. तुझ्यासारखंच. चार पानं बिबी आणि दादा, शेवटी एका ओळीत ताईची तब्येत. माझे दोन भाऊ एका आवारात काम करतात आणि एकमेकांशी बोलायला पत्र पांगानीला पाठवतात. टपालखात्याचं भलं होवो.

आईला माझा मुका. माझ्या वाट्याचा लोभ कमी करू नये, आधीच पातळ झाला आहे.

तुझी,
झुहुरा

*

लुशोटो,
२० जून १९९६

चि. सौ. झुहुरा हिस,

अनेक आशीर्वाद. तापाचं वाचून वाईट वाटलं. सिंकोनाची साल पाठवतो आहे, उकळून घेणे, दिवसातून दोनदा, कपभर पाण्याला बोटाच्या पेराएवढी.

निकाल माझ्या बाजूने लागला. अध्यक्ष शेकिओंदो गुरुजी म्हणाले की अथुमानीचा हात आम्ही ओळखतो, अरुशाचा ओळखत नाही. सेफूने मान डोलावली. इतक्या सहज डोलावली की माझा निम्मा आनंद गेला.

घर आठ दिवसांत उभं राहिलं. पाच फूट उंच, तीन रुंद, तीन खोल. तळाला वीतभर मातीचा खण, पाणी झिरपायला तिरकी फट. चौसष्ट सांधे, सगळे लाकडी खुंट्यांचे, एकही खिळा नाही. आणि लाकूड? कापूरलाकूड. पोटमाळ्यावरच्या त्या अकरा फळ्या, ज्या मी स्वतःच्या कपड्यांच्या पेटीसाठी एकोणीस वर्षं वाळवत ठेवल्या होत्या. तुझी वहिनी दोन दिवस बोलली नाही. पण रंधा मारला तसा सगळ्या आवाराला वास सुटला, आणि कचेरीतले लोक कामं टाकून बघायला आले.

धाकट्या घरचाही आला. फळीवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाला, दादा, वास फार आहे, नाही? मी म्हणालो, साहेब, या वासासाठी लोक लग्नाचे कपडे यात ठेवतात, चाळीस वर्षं कसर लागत नाही. तुमच्या अ‍ॅल्युमिनियमला कसला वास येतो? तो काहीतरी बोलणार होता. मी रंधा जोरात चालवला.

सोमवारी बिबीला आत सोडलं. वरच्या फांदीवर गेली आणि गप्प बसली. नवं घर आहे, बुजणारच.

तू विचारलंस, घर कुणासाठी. तुझा प्रश्न मला आवडला नाही.

लोभ वाढता असावा, तुझा तरी.

अथुमानी दादा

*

लुशोटो,
२७ जून १९९६

ती. झुहुराताईस,

सा. न. वि. वि. आधी तुझी तब्येत लिही. गेल्या वेळी शेवटी विचारली म्हणून तू रागावलीस, म्हणून या वेळी आधी.

ताई, मी अडचणीत आहे. दादांनी घर असं बांधलं आहे की कॉलेजात शिकवणाऱ्यांनी येऊन बघावं. पण बिबी दहा दिवसांत जेमतेम काही खाते आहे. आत सोडलेले नाकतोडे जाळीच्या कडेला गोळा होतात, तिच्या फांदीकडे फिरकत नाहीत. निम्मे दुसऱ्या दिवशी मेलेले सापडतात. माश्या तर दार उघडलं की आधी बाहेर. लाकूड किडे घालवतं, ताई. त्यासाठीच ते प्रसिद्ध आहे. दादांच्या तोंडून मी ते ऐकलं, तरी त्या क्षणी ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्याच्याने पुढे काही बोलवलं.

आता सांगू कसं? मी सांगितलं तर ते म्हणतील, अरुशाचं घर आणायला निमित्त शोधतो. नाही सांगितलं तर ती मरेल. मातीत उतरते, दोनदा उकरते, पुन्हा वर जाते. अंगात जोर नाही.

म्हणून मी चोरी करतो. जेवणाच्या सुट्टीत दादा घरी गेले की तिला बाहेर काढून मागच्या कॉफीच्या झुडपावर ठेवतो. तिथे पाच-सहा किडे टिपते. काल दादा लवकर आले आणि ती माझ्या मनगटावर होती. हिरवीगार, म्हणजे निर्धास्त. दादा तिच्या रंगाकडे बघत राहिले. नंतर गुरुजींकडे तक्रार गेली की माहितीघराचे प्रमुख जनावराला विनाकारण हाताळतात.

तुला खरं सांगू? मला वाईट तक्रारीचं वाटलं नाही. गावातल्या अर्ध्या पोरांना दादांनी घोयरा हातावर कसा घ्यायचा ते शिकवलं. आमच्या अंगणाच्या कुंपणापाशी येऊन ते थांबायचे. मी कुंपणाच्या फटीतून बघून शिकलो. पदविका त्यानंतरची.

तूच सांग काय करू. लोभ कर, तो तुझ्याकडूनच मिळतो.

तुझा,
सेफू

*

पांगानी,
३ जुलै १९९६

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज जे करते आहे ते आजवर कधी केलं नाही. सेफूचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग माझ्यावर चिड, मग पुन्हा वाच.

त्याने हे तुला दाखवायला सांगितलेलं नाही. दाखवलं म्हणून तो माझ्याशी बोलायचा नाही. मग तुम्ही दोघंही माझ्याशी बोलणार नाही, आणि मला थोडी विश्रांती मिळेल. पण ती घोयरी टपालाच्या वेगाने जगत नसेल, असं मला वाटलं. बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, परवापर्यंत मिळेल.

सिंकोना कडू होती. आभार.

लोभाचं तूच ठरव.

झुहुरा

*

लुशोटो,
५ जुलै १९९६, शुक्रवार सकाळ

सेफू,

वरच्या ओळीत काय लिहावं हे मला कळेना. चिरंजीव लिहावं तर तू साहेब. साहेब लिहावं तर आज तोंडात येत नाही. एका आवारात सहा महिने काढले, तुला लिहिण्याची वेळ आली नव्हती. म्हणून नुसतं नाव.

ताईने तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर रागावू नकोस, ते काम मी करतो.

काल मिळालं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही. चोवीस नाकतोडे धरले. बारा कापूरलाकडाच्या घरात, बारा जुन्या खोक्यात. आज सकाळी मोजले. खोक्यात बारा जिवंत. माझ्या घरात पाच, बाकीचे सात तळाला मेलेले. तेव्हा लाकूड चुकलं. मापं चुकलेली नाहीत, मातीचा खण बरोबर आहे, हे तुला मान्य करावं लागेल. पण लाकूड चुकलं. घोयरीचं घर बांधताना मी विचार माझ्या पेटीचा केला, आणि पेटी दाखवायची कुणाला हे तुला ठाऊक आहे.

अरुशाचं घर येईपर्यंत ती थांबणार नाही. त्याला मातीही नाही. तेव्हा असं करू. तुझं कॉफीचं झुडूप. त्याभोवती बांबूचे सहा खांब, वर मच्छरदाणीची जाळी. माझ्या घरची दुहेरी जाळी देतो, तुझी वहिनी पुन्हा दोन दिवस बोलणार नाही. झुडपाच्या पूर्वेला माती मी खणतो, मला खोली माहीत आहे. खांब तू ठोक. पण बिबीला आधी हलव. चोरून नको. गुरुजी, कारकून, सगळ्यांसमोर काढ, आणि कुणी विचारलं तर सांग की अथुमानीने चूक केली. तू मोठेपणाने गप्प बसायचं नाहीस. तू बरोबर आहेस हे मी सोसेन. तू बरोबर असून वर मनाचा मोठाही आहेस, हे दोन्ही एका दिवसात माझ्याच्याने होणार नाही.

ती तुझ्या हातावर हिरवी होते. माझ्या हातावर चौदा वर्षांत कुठलीही झाली नाही इतकी. का, ते मला सांग. सावकाश सांग, आज नको.

कुंपणापाशी मी थांबायचो ते आई बघायची म्हणून. हे कारण आहे, सबब नाही, आणि पुरेसं नाही.

लोभ असावा असं मी लिहीत नाही, कारण माझ्या बाजूने तो ठेवलेला नाही. पण तुझ्याकडे असला तर परत पाठवणार नाही.

अथुमानी

*

लुशोटो,
११ जुलै १९९६

चि. सौ. झुहुरा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्यावर रागावण्याचं काम एक दिवस करून पाहिलं, जमलं नाही.

झुडपाभोवतीचं घर शुक्रवारी दुपारी उभं राहिलं. आठ फूट लांब, सहा रुंद, उंची डोक्याएवढी. इतकं मोठं घर ना अरुशाला मिळतं, ना माझ्या फळ्यांत बसलं असतं. सेफूने एक खांब दोन बोटं तिरका ठोकला. मी सांगितलं. तो म्हणाला, दादा, तिला चालेल. मी म्हणालो, तिला चालेल, मला चालणार नाही. उपटून पुन्हा ठोकला.

चार दिवस बिबीने पोट भरून खाल्लं. मंगळवारी सकाळी मातीत उतरली आणि उकरायला लागली ती थांबेना. अंडी घालताना घोयरीला माणूस दिसता कामा नये, म्हणून आम्ही गोणपाट लावलं आणि सहा पावलांवर बसलो. तो एका बाजूला, मी दुसऱ्या. बोलायचं नव्हतंच, पण चार तास न बोलता असं शेजारी बसणं मला तरी नवीन होतं. मध्ये त्याने थर्मासमधला चहा पुढे केला. साखर कमी होती. मी प्यालो.

दुपारी ती माती लोटून, पायांनी दाबून वर आली. अंगाचं नुसतं पातं झालेलं. पानावरचं पाणी कितीतरी वेळ पीत राहिली. गोणपाट काढून माती उकरली: अंडी सत्तावीस. सेफूने सव्वीस मोजली होती, पुन्हा मोजायला लावली.

मग माती परत लोटून आम्ही दोघंही जाळीबाहेर उभे राहिलो. तिने डावा डोळा त्याच्यावर लावला आणि उजवा माझ्यावर. सेफू हसला, म्हणाला, दादा, वाटणी सारखी झाली. मी घड्याळ पाहत होतो. उजवा थोडा जास्त वेळ होता, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

तू कशी आहेस ते सविस्तर लिही, एक पान तरी. तेवढं वाचल्याशिवाय मी उत्तर लिहायला बसणार नाही.

तुझ्या लोभात दोघांना जागा आहे हे मान्य,

अथुमानी दादा