भिंगरीच्या कोपऱ्यात कोण

९ जानेवारी

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तुला सकाळची पाळी मिळाली, बरं झालं. त्या वाफेच्या इस्त्रीपाशी जपून राहा, तुला घाई फार. इकडे कारखाना ठीक चाललाय. एका हॉटेलच्या गाद्यांचं काम आलंय, दिवसभर दाभण हातात. संध्याकाळी बोटं वळत नाहीत. वरची खोली तुम्ही मायलेकी गेलात तशीच आहे. पिंजलेला कापूस उडून बसतो, मी झाडतो, परत बसतो.

आता मूळ मुद्दा. तुझ्या लेकीचं पत्र आलं. पत्र मला आणि आत सगळं त्या नव्या कोच बाईंबद्दल. बाई असं म्हणतात, बाई तसं करायला लावतात, बाईंनी पट्टी अशी बांधली. भिंगरीला भिंगरी हे नाव कोणी ठेवलं? मी. माझ्याच कारखान्यात, तुळईला टांगलेल्या रद्दी कापसाच्या पिशवीवर, ती ठोसे मारायला शिकली. मी काही मोठा बॉक्सर नव्हतो, चार ठिकाणी मार खाऊन आणि दोन ठिकाणी देऊन जे कळलं ते तिला दिलं. एवढ्या भांडवलावर पोर जिल्ह्यात पहिली आली की नाही? आणि आता म्हणे या बाई तिला ठोसाच मारू देत नाहीत. जमिनीवर खडूने चौकोन आखून त्यात नुसतं चालायला लावतात. चालायला ती तुझं बोट धरून शिकली होती, त्यासाठी शहरातली कोच कशाला हवी?

असो. मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेला मी येतोच आहे. रिंगच्या तिच्या कोपऱ्यात, तिला सांगायला-सावरायला, मी असणार, हे त्या बाईंच्या कानावर घालून ठेव. शिंप्याकडे पांढरा शर्ट टाकलाय.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती पत्रातून मोजायची नसते.
तुझा,
दादा

२० जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि इस्त्रीच्या वाफेपेक्षा तूच जास्त तापलेला दिसलास. दादा, बाई म्हणजे कुणी हडळ नाही. काडीसारखी बारीक बाई आहे, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. आवाज इतका हळू की मुली तो ऐकायला म्हणून गप्प बसतात. तुला हे जमलं नसतं. तू ओरडायला लागलास की खालच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं भाव कमी करून मागायची.

मी एकदा तिला आणायला गेले होते तेव्हा बाईंनी विचारलं, या मुलीचं मनगट कोणी घडवलं? इतकं सरळ मनगट मी कधी बघितलं नाही म्हणाल्या. मी तुझं नाव सांगितलं. त्यावर त्यांनी तिचं मनगट हातात घेऊन पुन्हा उलटसुलट करून बघितलं. मला वाटतं, मनगट आपण घडवलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं असावं. तेव्हा जळणारा तू एकटाच नाहीस, खूश हो.

आणि माझं काय ते कुणी विचारतं का? पोर माझी, पण घरी आली की माझ्याशी बोलते ते भूक लागली एवढंच. बाकीचा वेळ आरशासमोर खांदे हलवत असते. मी आधी तिच्या भुवया बघते, फुटल्यात की नाही. तुम्हा लोकांना तिचा ठोसा दिसतो, मला भुवई.

शर्ट चांगला शिवून घे. कोपऱ्याचं मी बोलणार नाही, ते तुम्ही तिघं बघा.
तुझ्या मायेची सवय झालेली,
धाकटी

६ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, हे पत्र मी तीनदा फाडलं. म्हणून आता जे येईल ते सरळ लिहिते.

तू विचारलंस की बाई असं काय वेगळं शिकवतात. ऐक. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, तू ठोसा मारतेस आणि मग उभी राहून वाट बघतेस, कशाची? मला सांगता येईना. घरी येऊन कळलं. आपली पिशवी लांब दोराला आहे. ठोसा बसला की ती पार कपाटापर्यंत जाते आणि ती परत येईपर्यंत मी उभी. पण माणूस कपाटापर्यंत जात नाही, मामा. तो तिथंच असतो आणि तेवढ्यात मला लागतं. बाई म्हणतात, ठोसा बसला तिथं संपत नाही, हात हनुवटीशी परत आला आणि पाय तिथून निघाले की संपतो. जोरात मारणाऱ्या पुष्कळ असतात. मारून जागेवर न सापडणारी एखादीच असते, तीच पुढे जाते. ते चौकोनात चालणं त्यासाठी आहे. पिशवी कोणी टांगली हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता कोपऱ्याचं. कोपऱ्यात दोघांनाच उभं राहता येतं. एक बाई आणि दुसरं कोण ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी फेऱ्यांच्या मध्ये जखमेचं रक्त थांबवणाऱ्या, बाईंकडच्या काकांचं नाव दिलं. मामा, रागावू नकोस. तू कोपऱ्यात असलास की मार मार म्हणून ओरडतोस आणि तू म्हणालास की मी मारते, मग समोर काय आहे ते मला दिसत नाही. लहानपणापासून तुझं ऐकायची सवय आहे, ती एका दिवसात जायची नाही.

पण तू ये. बघायला ये.
तुझी, रागावलास तरी तुझीच,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. आपण मोठ्या झालात, आपले निर्णय आपण घ्यावेत. मला कामातून सवड होईलसं दिसत नाही. हॉटेलच्या गाद्या आहेत.

दोराचं म्हणशील तर तुळई उंच आहे त्याला मी काय करू? तरी आखूड केलाय. आता तिथं मारायला कोणी नाही, तो भाग वेगळा.

बाईंना नमस्कार. नाही सांगितलास तरी चालेल.
आपला,
मामा

२३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आज टोमणे नाहीत, आज रागावून लिहिते आहे. तू त्या पोरीला ‘आपण’ म्हणालास? तिनं पत्र वाचून घडी केली आणि बुटात ठेवली. त्या दिवशी सरावात तिला इतके ठोसे बसले की बाईंनी तिला घरी पाठवलं. दादा, तुला रुसायचं तर माझ्यावर रुस, मी मार खायला रिंगमध्ये जात नाही.

ती कोपऱ्यात नको म्हणाली ते तू कमी पडतोस म्हणून नाही. तुझा आवाज तिच्या डोक्यात सगळ्यांत मोठा आहे म्हणून. हे मला दिसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण माझा आवाज तिच्या डोक्यात कुठं आहे ते मला माहीत नाही.

मी स्पर्धेला जाणार नाही. एकदा बघायला गेले होते, बाकाची कड इतकी घट्ट धरली की नख तुटलं. तेव्हा घरातलं कोणीतरी तिथं हवं आणि ते तू आहेस. गाद्या कुठं पळून जात नाहीत.
रागातसुद्धा तुझीच,
धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेलो होतो. नवा शर्ट घालून, वरच्या रांगेत, दोन जाड माणसांच्या मध्ये बसलो. फायनल सकाळीच होती आणि समोर एक डावखुरी होती, उंच, हात असे लांब की दाराबाहेरून घरातला दिवा घालवेल. आपली पोर पहिल्या फेरीत तिच्या मागे मागे धावली आणि धावेल तितके ठोसे खात गेली. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते तुला ठाऊक आहे. शेजारच्या जाड्यानं मला पाणी दिलं.

दुसऱ्या फेरीत ती मागे धावायची थांबली. डावखुरीचा हात आला की ही अर्धं पाऊल बाजूला, हात हवेत. पुन्हा आला, पुन्हा ही तिथं नाही. मग एक सरळ ठोसा, तेच मनगट, आणि मी ‘मार’ म्हणेपर्यंत भिंगरी दुसरीकडे. समोरचीला कळेचना कुणाला मारायचं. मी ओरडायचंच विसरलो. धाकटे, मी तिला मारायला शिकवलं, पण असं नाहीसं व्हायला नाही शिकवलं. ते बाईंचं. हे लिहिताना अजून टोचतं.

तिसऱ्या फेरीआधी ती स्टुलावर बसली. बाई तिच्यापुढे वाकून काहीतरी सांगत होत्या आणि ही बाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या पोरीकडे बघत होती. ती दम कसा घेते, कुठल्या पायावर भार टाकते, तेच टिपत होती. बाईंचंही ऐकत नव्हती! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग वाटलं, आता तरी वर माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. तिसरी फेरी ती आम्हा दोघांशिवाय लढली आणि जिंकली. भुवई फुटलेली नाही. डाव्या गालावर थोडं सुजलंय, ते तू पाहशीलच.

पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा मी जाड्यांना ओलांडून खाली पोचलो. रिंगच्या पायऱ्यांशी एका बाजूला बाई, एका बाजूला मी, दोघंही हात पसरून. एकमेकांना नमस्कारसुद्धा केला नाही. पोर उतरली, आमच्या मधून सरळ निघून गेली आणि ऑफिसच्या टेलिफोनपाशी जाऊन थांबली. हातात ग्लोव्हज, आकडे फिरवता येईनात. तुझ्या लाँड्रीचा नंबर तिला पाठ. ती सांगत गेली, मी फिरवत गेलो, आणि रिसीव्हर तिच्या कानाशी बाईंनी धरला.

तुला तिकडे आधी ऐकू आलं असेल, आई, जिंकले. तू काय बोललीस ते आम्हाला कळलं नाही. पण पोर जी तीन फेऱ्या डोळा न लवता उभी होती, ती तिथं लहान मुलीसारखी रडली, आणि बराच वेळ बोलत राहिली. बाईंचा हात भरून आला तेव्हा मी रिसीव्हर धरला, माझा भरून आला तेव्हा बाईंनी. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांचीही तोंडं सारखीच उतरलेली. मग त्याच आधी हसल्या.

कळावे. तुझा सगळा लोभ आता लेकीकडे जाणार हे दिसतंच आहे. उरला तर थोडा टेलिफोन धरणाऱ्या या दोघांवरही असू दे.
तुझा,
दादा