अण्णांचा हुंकार

अण्णा, आज जेवताना माझी मुलगी कॉलेजातलं काहीतरी सांगत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, जाऊ दे आई, तुझं लक्ष नाही. लक्ष होतं, अण्णा. फक्त ऐकताना आवाज काढायची सवय मी माझी मीच मोडून टाकली आहे. पण आधी तुमची मोडली, आणि त्याबद्दल तुमच्याशी कधी बोलले नाही.

परंड्याच्या माळावरून मेंढरं आणून कोंडली की तुम्ही चुलीपुढं बसून दिवसभराचं सांगायचात. आम्हा पोरांपैकी कुणीतरी हुंकार द्यायचा, हा घरचा नेमच होता. हुंकार तुटला की पोर झोपलं असं समजून तुम्ही थांबायचात. आणि दुसरं कुणी बोलायला लागलं की तुम्ही पुढं सरकून बसायचात, दर वाक्याला 'व्हय', 'मग?', 'अगाई गं'. बोलणारा माणूस ठरवलं त्यापेक्षा जास्तच सांगून जायचा.

मला शाळेत नोकरी लागली, धाराशिवला खोली घेतली, तेव्हा तुम्ही हुरडा घेऊन आलात. त्याच दुपारी शाळेतल्या एक बाई आल्या आणि नवऱ्याच्या आजारपणाचं सांगायला लागल्या. तुम्ही दाराशी घोंगडी टाकून बसलेले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला तुमचा हुंकार, तोही माळावरचा, शेजारच्या घरात जाईल असा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या निमित्तानं तुम्हाला आत बोलावलं आणि म्हणाले, "अण्णा, गप बसून ऐकता येत न्हाय का? लोक हसत्यात." बाई हसत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गप बसलं तर त्यास्नी वाटंल, कुणी ऐकंना," एवढंच तुम्ही म्हणालात. पण बाहेर जाऊन गप बसलात, हात मांडीखाली दाबून. बाईंनी एकदोनदा तुमच्याकडं पाहिलं, बोलणं आवरतं घेतलं आणि अर्धा चहा ठेवून गेल्या.

त्यानंतर फोनवर मी बोलत राहायची आणि पलीकडून काहीच नाही. फोन कटला असेल असं वाटून मी एकदा विचारलं, ऐकताय ना?

"ऐकतोय की, माय. गप बसून."

टोमणा नव्हता त्यात. लेकीनं सांगितलेलं तुम्ही इमानानं पाळत होता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, द्या हुंकार, मोठ्यानं द्या. लाज वाटली, आणि लाज झाकायला मी आपली शाळेतल्या परीक्षांचं सांगत राहिले. तुम्ही गेल्यावर आई म्हणायची, मेंढरांशीसुद्धा तुमचं 'व्हय' शेवटपर्यंत चालू होतं. माझ्याशी तेवढं नव्हतं.

हे पत्र टाकायचं कुठं? म्हणून मघाशी मोठ्यानं वाचून दाखवलं, दाराकडं तोंड करून, दर वाक्यानंतर जरा थांबत. आणि खोटं कशाला सांगू, वाचायच्या आधी त्या दाराला कडी लावून घेतली. शेजारी ऐकू जाईल म्हणून.